वर्षावनातले पक्षी

विषुववृत्ताच्या आसपास जिथं वर्षभर पाऊस आणि झाडं कायम हिरवी, अशा जंगलात राहणारे पक्षी. अॅमेझॉन, काँगो, बोर्निओ, न्यू गिनी ही यातली मोठी नावं. आपल्याकडं कोयना (सातारा) आणि चांदोली (सांगलीची शिराळा बाजू) इथं सदाहरित, निमसदाहरित जंगल आहे, पण पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि पुढं सगळं कोरडं, त्यामुळं याला अॅमेझॉनच्या रांगेत बसवता येत नाही. पक्षी मात्र बरेचसे त्याच वळणाचे.

पहिली गोष्ट म्हणजे हे पक्षी दिसत नाहीत, ऐकू येतात. पानांची गर्दी एवढी की रंगापेक्षा आवाज जास्त लांब पोचतो. कोयनेजवळच्या नवजा गावाच्या बाजूला सकाळी कुटुर्गा 'कुटर्र कुटर्र' करून डोकं उठवतो, पण झाडात शोधायला गेलं की हिरव्यात हिरवा, सापडत नाही. कर्णा त्याहून बेरकी. नराचं पोट लालभडक, पण माणूस दिसला की पाठ फिरवून फांदीवर गप्प बसतो आणि पाठ असते मातकट, मग समोर असूनही नजरेतून सुटतो. शीळकरी कस्तूर ओढ्याच्या, धबधब्याच्या कडेला राहतो, पावसाळ्यात पहाटे अगदी माणसासारखी शीळ घालतो, नवखा माणूस हमखास वळून बघतो.

मोठ्या चोचीचा धनेश हा यातला खरा गडी. आपल्याकडं राखी धनेश जास्त. उन्हाळ्याच्या सुमारास मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठेनं तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते, आणि नर उंबर-नांद्रुकाची फळं पोटातून वर काढून एकेक करत त्या फटीतून भरवत राहतो. त्याला काही झालं तर आतल्यांचं अवघडच. अमेरिकेतला टुकान दिसायला असाच मोठ्या चोचीचा, पण नात्यातला नाही, फळं खायचं काम सारखं म्हणून चोची सारख्या झाल्या.

फळ गिळायचं, बी लांब नेऊन टाकायचं, हे धनेश आणि कबुतरं रोज करतात. मोठ्या बियांच्या झाडांना दुसरा वाहतूकदार फारसा नाही. त्यात धनेशाला घरट्यासाठी जुनं, जाडजूड, ढोली असलेलंच झाड लागतं, आणि तोडणाऱ्याची नजरही आधी त्याच झाडावर जाते. नवीन रोपं लावून ती ढोली मिळत नाही, तिला कित्येक दशकं लागतात. कोयना-चांदोली मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, लोक वाघ बघायला येतात, वाघ काही दिसत नाही आणि डोक्यावरनं पंखांचा आवाज करत गेलेल्या धनेशाकडं कुणी बघतही नाही.