माठ, घाम आणि कुंभार्ली घाट

देशावरचा माणूस कोकणात राहायला गेला की पहिल्याच उन्हाळ्यात त्याची तक्रार सुरू होते: इथे माठातलं पाणी गारच होत नाही. माठ घरून आणलेला, पाणी विहिरीचं, तरी कोमटच. एप्रिलच्या शेवटी एकदा कराडहून सायकलने चिपळूणला उतरलो, तेव्हा त्या माठाचं दुखणं काय असतं ते माझ्या अंगालाच समजलं.

अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. पहाटे पाचला प्रीतिसंगमाजवळून निघालो. पाटणपर्यंत कोयना सोबतीला असते आणि सूर्य पाठीमागे, त्यामुळे सकाळ सुखाची जाते. पाटणला चहाला थांबलो तर काळ्या टी-शर्टवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या. अंग मात्र कोरडं. देशावरच्या कोरड्या हवेत घाम येतच नाही असं वाटतं. येतो, भरपूर येतो, पण दिसायच्या आत उडून जातो. तो गेल्याची खूण म्हणजे त्या रेघा.

सायकल चालवणारं शरीर हे मुळात फारसं काटकसरी इंजिन नाही. खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेपैकी जेमतेम 20 ते 25 टक्के पॅडलपर्यंत पोहोचते, बाकीची उष्णता होते. सामान लादलेल्या सायकलवर रमतगमत जाणारा माणूस पॅडलवर 100 वॅट देत असेल, तर अंगात साडेतीनशे वॅटच्या घरात उष्णता तयार होत असते. ती बाहेर टाकायचा सगळ्यात मोठा मार्ग घाम. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे उडाला, तर सुमारे 2400 किलोजूल उष्णता सोबत नेतो. म्हणजे तासाला अर्धा लिटर घाम *उडाला* तर हिशेब जुळतो. उन्हाचा भार त्याच्यावर वेगळा.

सगळी मेख त्या ‘उडाला’ शब्दात आहे. कोपरावरून टपकलेला घाम काहीही गार करत नाही, तो नुसता अंगातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो.

घाम उडतो तो बाष्पाच्या दाबातल्या फरकामुळे. 35 अंशांच्या ओल्या त्वचेलगत हा दाब साधारण 5.6 किलोपास्कल असतो. पाटणसारख्या ठिकाणी दुपारी हवा 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर हवेतल्या बाष्पाचा दाब दीड किलोपास्कलच भरतो. फरक चारचा. चिपळुणात 35 अंश आणि 60 टक्के आर्द्रता असेल, तर तोच दाब 3.4 होतो आणि फरक उरतो सव्वादोनचा. तापमान पाच अंशांनी उतरलं, पण घाम उडवायची हवेची ताकद निम्म्यावर आली. 40 अंशांची हवा स्वतःही अंग तापवते, हे खरं. तरीही कोरडेपणाचा फायदा त्याहून मोठा ठरतो.

हेच एका आकड्यात सांगायचं तर वेट बल्ब तापमान बघावं. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथे स्थिरावतो, ते हे तापमान. माठही झिरपलेलं पाणी उडूनच गार होतो, म्हणून तो जास्तीत जास्त तेवढाच गार होऊ शकतो. वरच्या उदाहरणात ते पाटणला 23 अंशांच्या जवळ येतं आणि चिपळूणला साडेअठ्ठावीसच्या. बातम्यांत मात्र आपण नुसता पारा ऐकतो आणि कोकणातल्या 35 अंशांना सौम्य समजतो. मला ही समजूत धोक्याची वाटते.

वाऱ्याचंही असंच आहे. समोरचा वारा पायांचा वैरी, पण कातडीचा मित्र. चढावर आपण ताशी आठ किलोमीटरने रेटत असलो आणि मागून तेवढाच वारा आला, तर आपल्याभोवतीची हवा जणू थांबते. स्वतःच्याच वाफेत आपण शिजू लागतो. कोयनानगरच्या अलीकडे असंच झालं. वेग तोच असूनही छाती धडधडायला लागली, कारण हृदयाला आता स्नायू आणि कातडी अशा दोन्हीकडे रक्त पुरवायचं होतं. बारा ते साडेतीन एका आंब्याखाली पडून राहिलो.

मग कुंभार्ली. सुमारे सहाशे मीटरची उतरण. याच उंचीचा फायदा घेऊन कोयनेचं पाणी पोफळीकडे सोडतात आणि वीज करतात. सामानासकट नव्वद किलोची माझी ऊर्जा मात्र काही हवेत आणि काही ब्रेकमध्ये जिरली. मधे थांबून रिमजवळ बोट नेलं, तर लांबूनच चटका जाणवला.

पायथ्याला वारा थांबला आणि दहा मिनिटांत टी-शर्ट पिळून काढण्याइतका ओला झाला. सकाळच्या मिठाच्या रेघा त्यात विरघळून गेल्या. नवीन उमटल्या नाहीत, कारण वाळायला काही वावच नव्हता.

अशा वेळी नुसतं पाणी ढोसत राहणं चुकीचं. घामात लिटरमागे साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, माणसागणिक कमीजास्त. ते न भरता लिटरच्या लिटर पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, टोकाला गेलं तर जिवावर बेततं. मिठासोबत थोडी साखर हवी, कारण आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. याच तत्त्वावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. आपलं मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत त्याच जातीचं, आणि उतरल्यावर मी ते तीन ग्लास प्यायलो.

सोबती असंबद्ध बोलू लागला, लडखडला, तर मात्र सरबताची वेळ गेलेली असते. तो उष्माघात असू शकतो. तोंडात काही ओतायचं नाही. सावलीत घेऊन मिळेल तितकं थंड पाणी अंगावर ओतत राहायचं, वारा घालायचा आणि 108ला फोन करायचा.

चिपळूणला ज्यांच्याकडे उतरलो, त्यांनी थेट विहिरीवर नेलं. घाम उडत नसला तरी कातडीपेक्षा गार पाणी अंगावर पडलं की ते उष्णता ओढून घेतंच. दहा-बारा कळशांनंतर नाडी जागेवर आली.

दुसऱ्या दिवशी गुहागरला जायला पहाटे चारलाच निघालो. हवा जेमतेम 26 अंश, अंधार, रस्ता मोकळा. पाच किलोमीटरच्या आत टी-शर्ट ओला झाला होता.