पुतळी मोडीत देण्याआधी: हारातलं व्हेनिसचं नाणं कसं ओळखावं

दागिन्यांतली जुनी नाणी दाखवायला आमच्याकडे जे ग्राहक येतात, त्यांच्या हाती बहुतेक वेळा पुतळीहार असतो. सराफाकडे मोड द्यायचं ठरलेलं असतं. त्याआधी नाण्यांचे वेगळे पैसे येतील का, एवढंच विचारायचं असतं. त्या सगळ्यांसाठी हे पत्रक.

आज पेढीवर मिळणारी पुतळी म्हणजे लक्ष्मीचा छाप असलेली सोन्याची पातळ चकती. तिचं मूळ मात्र व्हेनिसच्या डुकाट या नाण्यात आहे. डुकाट १२८४ मध्ये पहिल्यांदा पाडलं गेलं आणि १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक संपेपर्यंत त्याचं साडेतीन ग्रॅमच्या आसपासचं वजन आणि जवळजवळ शुद्ध सोन्याचा कस फारसा हलला नाही. व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रियात मिरी खरेदी करत आणि ते सोनं तांबड्या समुद्रातून आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरे. नाण्यावर विश्वास एवढा, की शिवकाळातल्या खजिन्याच्या यादीत होनांच्या जोडीला पुतळ्याही येतात.

आता भिंग घेऊन छाप पाहा. एका बाजूला दोन पुरुष दिसतील. उभे आहेत ते व्हेनिसचे रक्षक संत मार्क, त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला तो डोज, म्हणजे व्हेनिसचा निवडून दिलेला प्रमुख. मधली निशाणाची काठी दोघांनी धरलेली असते आणि काठीलगत डी, व्ही, एक्स ही रोमन अक्षरं एकाखाली एक असतात. दुसऱ्या बाजूला ख्रिस्त उभा आहे: लांबट गोल प्रभावळीत, उजवा हात आशीर्वादाचा, डाव्या हातात शुभवर्तमानाचा ग्रंथ, भोवती चांदण्या. कडेच्या लॅटिन ओळीचा आशय असा, की हे ख्रिस्ता, तुझ्याच सत्तेखालचं हे राज्य तुला अर्पण असो. ज्या हारांत मूळ डुकाट ओवले गेले, त्या घरांतल्या सुवासिनींनी सणासुदीला, लग्नकार्यात ही मूर्ती गळ्यात मिरवली. असा हार वितळलेला पाहणं आम्हाला खरोखर जड जातं.

नाण्यावर साल शोधू नका, ते नसतंच. काळ ठरतो डोजच्या नावावरून. 'लुडो मानिन' असं वाचता आलं तर नाणं लुडोविको मानिनचं, १७८९ ते १७९७ मधलं. तो शेवटचा डोज.

मात्र आपल्याकडच्या कारागिरांनीही या नाण्याच्या पुष्कळ नकला पाडल्या. त्यांत अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्याआडव्या रेघा येतात, संत आणि डोज यांचे चेहरे ठिपक्यांवर येतात, ग्रंथ नाहीसा होतो. अशा पुतळीला आम्ही खोटी म्हणत नाही. सोनं अनेकदा चांगलं असतं आणि परका छाप इथल्या हातांनी कसा बदलत नेला हे तिच्यावर स्पष्ट दिसतं. संग्राहक अशा पुतळ्याही मागतात, भाव मात्र मूळ डुकाटापेक्षा वेगळा.

हार ओवण्यासाठी पुतळीला कडी डाकलेली असते, त्यामुळे संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. तरीही कडी काढायला जाऊ नका, काढताना कडेचा छाप जातो. कॅरेट मीटरवर तपासायला सांगाल तेव्हा डाकाजवळ नको, मधोमध तपासायला सांगा, कारण डाकाचं सोनं हलकं असतं. आणि कृपा करून ब्रशने घासू नका. इतकं शुद्ध सोनं मऊ असतं, चेहऱ्यावरचे बारकावे आधी झिजतात.

वसई-गोव्याकडचे ग्राहक पुष्कळदा मारियामातेची लंबगोल पदकं आणतात. त्यांवरचं १८३० हे साल पॅरिसमधल्या मारियामातेच्या दर्शनाचं आहे. पहिली पदकं १८३२ मध्ये घडली आणि तेच साल घालून आजही घडतात. ॲल्युमिनियमचं असेल तर ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतरचं समजा.

परदेशातल्या लेकीला किंवा सुनेला पुतळी द्यायची असेल तर आधी आम्हाला विचारा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. शेतात किंवा जुन्या वाड्याच्या पायात नाणी सापडली असतील तर ती विकायला आणू नका, त्यांची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

हार न उसवता, आहे तसा आणा. प्रत्येक पुतळी तुमच्यासमोर भिंगाखाली पाहू आणि काय दिसलं ते लिहून देऊ.