२२१-जी: कागद हवेत की तपासणी चालू आहे?

एच-१बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसाच्या मुलाखतीनंतर हातात व्हिसा तूर्त थांबवल्याची, म्हणजे २२१-जीची स्लिप पडली की पहिला प्रश्न ठरलेला: "किती दिवस लागतात?" टेलिग्रामवर विचारा, नात्यातल्या कुणाला विचारा, एक जण आठ दिवस सांगतो आणि दुसरा आठ महिने. दोघंही खरंच सांगत असतात. त्यांची २२१-जी मात्र वेगवेगळी असते.

या एका कलमाखाली दोन अगदी निराळ्या गोष्टी येतात. एकीत ऑफिसरला तुमच्याकडून किंवा तुमच्या कंपनीकडून एखादा कागद हवा असतो. दुसरीत तुमची फाइल पुढच्या तपासणीसाठी गेलेली असते, पुष्कळदा थेट वॉशिंग्टनला, आणि तिथून उत्तर यायचं असतं. हिलाच ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग म्हणतात. पहिलीत हालचाल तुम्हीच करायची असते, दुसरीत तुमच्या हातात फारसं काही नसतं. मला सर्वांत वाईट याचं वाटतं, की लोक नेमकं उलटं करतात. ज्याच्याकडे कागद मागितलाय तो "२२१-जी आहे, वेळ लागायचाच" म्हणत गप्प बसतो, आणि तपासणीत अडकलेला माणूस न मागितलेले कागद आणि रोज एक ईमेल पाठवत राहतो.

गोंधळ व्हायला कारणही तसंच आहे. २२१-जी हे अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टमधलं कलम. मुलाखत झाली की ऑफिसरने व्हिसा द्यायचा किंवा नाकारायचा. 'थांबा, बघतो' अशी तिसरी सोय कायद्यात नाही. त्यामुळे एक पत्र कमी पडलेला अर्ज असो की सखोल तपासणीला गेलेला, दोन्हींची नोंद नकार म्हणूनच होते. व्हिसाचं स्टेटस दाखवणाऱ्या सीईएसी या सरकारी वेबसाइटवर केस नंबर टाकला की दोघांनाही 'रिफ्यूज्ड' हाच शब्द दिसतो. २०२० च्या आधी तिथे 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग' असं दिसायचं, म्हणून त्या काळातले अनुभव वाचून आपलं स्टेटस ताडून पाहू नका. हा नकार पुढे मागे घेता येतो. टुरिस्ट किंवा विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीत जो २१४-बीचा नकार मिळतो, तो वेगळा. तिथे त्या अर्जापुरता विषय संपतो, इथे फाइल उघडीच असते.

आपली २२१-जी कोणती, हे वेबसाइट सांगत नाही. स्लिप सांगते. पांढरी, पिवळी, निळी, गुलाबी अशा रंगांवरून अंदाज बांधायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पण रंगाला कायद्यात काही अर्थ नाही आणि एका कॉन्सुलेटचा रंग दुसरीकडे तोच अर्थ देईल याची खात्री नाही. स्लिपवर कोणत्या चौकटीत खूण केलीय आणि खाली पेनने काय लिहिलंय, ते शब्द न शब्द वाचायचं. मुंबईत बीकेसीतल्या कॉन्सुलेटमधून बाहेर पडताना मन थाऱ्यावर नसतं, म्हणून घरी येऊन दुसऱ्या कुणाकडून तरी ती एकदा मोठ्याने वाचून घ्यावी.

खुणेच्या जागी क्लायंटचं पत्र, मधल्या व्हेंडर कंपनीबरोबरचा करार, पगाराच्या स्लिपा, डब्ल्यू-२ (अमेरिकेतला पगार आणि कापलेल्या कराचा वार्षिक फॉर्म), कंपनीचे टॅक्स रिटर्न किंवा प्रोजेक्टचं वर्णन असं काही असेल, तर तो पहिला प्रकार. कन्सल्टन्सीमार्फत दुसऱ्याच कंपनीच्या जागेवर काम करणाऱ्यांच्या वाट्याला हा जास्त येतो, कारण पेटिशनमध्ये, म्हणजे कंपनीने तुमच्यासाठी अमेरिकेत केलेल्या अर्जात, दाखवलेलं काम खरोखर आहे का, हे ऑफिसरला पाहायचं असतं. दारू पिऊन गाडी चालवल्याची जुनी केस निघाली आणि वैद्यकीय तपासणीला पाठवलं, तर तेही याच बाजूचं, कारण पुढचं पाऊल तुम्ही उचलायचंय. कधी नुसती पेटिशनची नोंद त्यांच्या पिम्स नावाच्या सिस्टीममध्ये सापडलेली नसते. ते बहुतेक वेळा लवकर निस्तरतं.

"काही मागितलंय म्हणजे पहिला प्रकार" इतकं सोपं असतं तर प्रश्न नव्हता. तपासणीच्या प्रकारातही तुमच्याकडे मागणी होते, आणि फसगत इथेच होते. डीएस-५५३५ नावाची प्रश्नावली ईमेलने आली, तर ती भरून दिली म्हणजे काम संपलं असं वाटतं. ही प्रश्नावली २०१७ पासून वापरात आहे. तिच्यात गेल्या १५ वर्षांचे पत्ते, नोकऱ्या आणि परदेश प्रवास, भावंडांची-मुलांची नावं आणि जन्मतारखा, गेल्या ५ वर्षांतले फोन नंबर, ईमेल आणि सोशल मीडियावरची खाती असं सगळं विचारतात. ती भरून पाठवली की तपासणी सुरू होते, संपत नाही. तसंच बायोडेटा, प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांची यादी आणि संशोधनाचा सारांश मागितला असेल, तर तुमचं क्षेत्र संवेदनशील तंत्रज्ञानात मोडतं का, हे पाहिलं जातंय असं समजावं. मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स, रोबोटिक्स, लेसर, सेन्सर, मटेरियल सायन्स, बायोटेक, इन्फर्मेशन सिक्युरिटी या विषयांतल्या लोकांना हे भोगावं लागतं. पुण्यातून पीएचडीला गेलेली आणि आता सेमीकंडक्टरमध्ये काम करणारी मुलगी आणि तिच्याच शेजारच्या खिडकीवर उभा असलेला टेस्टिंगमधला मुलगा, दोघांना एकाच दिवशी स्लिप मिळू शकते. तिची वाट वेगळी, त्याची वेगळी.

काही वेळा कारण याहून साधं असतं: तपासयादीतल्या कुणाशी तरी नाव आणि जन्मतारीख जुळते. पाटील, शिंदे, शेख, खान अशी हजारोंनी असलेली आडनावं असली की हे घडू शकतं. यात तुमचा काहीही दोष नसतो. घरात आणि सासरी हे स्पष्ट सांगायला हवं, कारण "तूच काहीतरी केलं असशील" या नजरेचा त्रास थांबलेल्या व्हिसापेक्षा जास्त होतो.

१५ डिसेंबर २०२५ पासून यात आणखी एक भर पडली. एच-१बी आणि एच-४ (एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) च्या सगळ्या अर्जदारांची ऑनलाइन माहिती तपासायला सुरुवात झाली आणि सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवायला सांगण्यात आलं. भारतातल्या अनेकांच्या तेव्हाच्या मुलाखती थेट २०२६ च्या मार्चमध्ये आणि त्यापुढेही ढकलल्या गेल्या. तो उशीर मुलाखतीच्या आधीचा, २२१-जीचा नव्हे. पण मुलाखतीनंतर खाती सार्वजनिक करायची सूचना मिळाली असेल तर ती त्याच दिवशी पाळावी, आणि घाईने जुन्या पोस्ट किंवा खातीच उडवून टाकू नयेत. डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात लिहिलेलं खातं तपासताना सापडलंच नाही, तर नवा प्रश्न उभा राहतो.

आता पहिल्या प्रकारात काय करायचं ते. मागितलेले सगळे कागद एकत्र करून, स्लिपवर सांगितलेल्या पद्धतीनेच एकदा पाठवायचे. एक आज, एक पुढच्या आठवड्यात असं केलं की फाइल दरवेळी अपुरीच राहते. क्लायंटचं पत्र मिळवणं हे खरं अवघड काम. क्लायंटचा कायदा विभाग पत्र द्यायला नकार देतो, मधली व्हेंडर कंपनी फोन उचलत नाही. अशा वेळी तुमच्या कंपनीच्या वकिलाकडून पर्यायी पुरावा तयार करून घ्यावा: कामाची ऑर्डर, टाइमशीट, मॅनेजरचं सहीचं पत्र, आणि क्लायंटचं पत्र का मिळत नाही याचा खुलासा. हे सगळं करायला मुदत आहे, नकाराच्या तारखेपासून एक वर्ष. ती उलटली की नवा अर्ज आणि नव्याने फी, जी २०२३ पासून एच-१बीसाठी २०५ डॉलर आहे. पण मुदत वर्षाची आहे म्हणून वर्षभर थांबायचं नसतं. आणि हेही माहीत असू द्या: दिलेल्या कागदांनी ऑफिसरचं समाधान झालं नाही, तर पेटिशन ती मंजूर करणाऱ्या यूएससीआयएस या अमेरिकी इमिग्रेशन खात्याकडे परत जाऊ शकते आणि तिथे ती रद्द करण्याची नोटीस कंपनीला येऊ शकते. म्हणून घाईघाईत अर्धवट किंवा पेटिशनशी न जुळणारं पत्र पाठवण्यापेक्षा चार दिवस जास्त घेऊन नीट पत्र पाठवावं.

दुसऱ्या प्रकारात कुणी "साठ दिवसांत होतं" असं छातीठोक सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आता कालावधी सांगत नाही, प्रत्येक केसवर अवलंबून आहे एवढंच म्हणतं. सीईएसीवर शेवटच्या अपडेटची तारीख बदलली म्हणून पेढे वाटू नयेत आणि बदलली नाही म्हणून रडू नये. फाइलला कुणीतरी हात लावला, इतकाच तिचा अर्थ. पासपोर्ट ठेवून घेतला की परत दिला, यावरूनही निकाल कळत नाही. दरम्यान प्रवास करायचा असेल तर पासपोर्ट परत मागता येतो आणि व्हिसा तयार झाल्यावर पुन्हा जमा करता येतो.

बरेच महिने गेले तर मार्ग आहेत. तुम्ही किंवा कंपनी अमेरिकेत ज्या मतदारसंघात आहे, तिथल्या काँग्रेस सदस्याच्या (अमेरिकी संसदेतल्या प्रतिनिधीच्या) कार्यालयामार्फत चौकशी करता येते. त्यापुढचा मार्ग मँडेमसचा, म्हणजे सरकारने रखडलेलं काम करावं असा आदेश मागणारा खटला. तो तिथल्या फेडरल कोर्टात चालतो, खर्चिक असतो आणि त्यात फक्त "निर्णय द्या" एवढंच मागता येतं, "व्हिसा द्या" असं नाही. पहिल्या प्रकारात, कागदच दिलेले नसताना, या दोन्ही मार्गांचा काही उपयोग नाही.

थांबायचंच आहे तर घर नीट लावून थांबावं. लग्नासाठी किंवा दिवाळीसाठी दोन आठवड्यांची रजा काढून आलेलं कुटुंब इथे अडकतं, तिकडे घरभाडं आणि गाडीचे हप्ते चालू राहतात. मुलाचा जन्म तिकडचा असेल तर त्याला व्हिसाची गरज नसते, आईबाप मात्र इथेच, अशी विचित्र अवस्था होते. शाळेचं काय करायचं, हा निर्णय महिन्याभरात घ्यावा, "पुढच्या आठवड्यात होईल" या आशेवर ढकलू नये. भारतात बसून काम करायला अमेरिकेचा व्हिसा लागत नाही, पण कर, पगार कुठल्या पेरोलवरून द्यायचा आणि काही डेटा देशाबाहेर उघडायला असलेली बंदी यामुळे कंपनी नाही म्हणू शकते. म्हणून ते मॅनेजरच्या तोंडी होकारावर सोडू नका, एचआरकडून लेखी घ्या. दिलासा देणारी एक गोष्ट आहे: अमेरिकेबाहेर काढलेले पूर्ण दिवस एच-१बीच्या सहा वर्षांत धरले जात नाहीत, पुढे ते परत मागता येतात. त्यासाठी बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवा.

आणि व्हिसा हातात आल्यावरही एक काम उरतं. पुढच्या वेळी डीएस-१६० मध्ये "तुम्हाला कधी व्हिसा नाकारला गेला आहे का?" हा प्रश्न येईल. नंतर व्हिसा मिळाला म्हणून तिथे 'नाही' लिहू नका. 'हो' लिहून खाली सांगा, की अमुक तारखेला अमुक कॉन्सुलेटमध्ये २२१-जीखाली कागद मागितले होते किंवा तपासणी झाली होती, आणि त्यानंतर अमुक तारखेला व्हिसा मिळाला.