पियानोचा सराव आणि चुकीच्या जागा

अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात पियानोचे उच्च शिक्षण घेणाऱ्या १७ विद्यार्थ्यांना संशोधकांनी रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्टोतील (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेतील) अवघ्या तीन बारांचा, म्हणजे स्वरलिपीतील तालाच्या तीन छोट्या भागांचा, तुकडा दिला. मनाचे समाधान होईपर्यंत हवा तितका वेळ सराव करायचा आणि दुसऱ्या दिवशी येऊन तोच तुकडा ठरलेल्या लयीत १५ वेळा वाजवून दाखवायचा, असे त्या प्रयोगाचे स्वरूप होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने लक्षात घ्यावा असा आहे. सरावाला किती वेळ दिला आणि तुकडा किती वेळा वाजवला, यांचा दुसऱ्या दिवशीच्या वादनाच्या दर्जाशी संबंध दिसला नाही. सरावात ज्यांनी तो तुकडा कमी वेळा चुकीचा वाजवला, त्यांचे वादन मात्र सरस ठरले.

सुरुवातीला चुका सगळ्यांच्याच झाल्या होत्या. पहिल्या क्रमांकांवरील वादकांनी चूक होताच ती नेमकी कोठे आणि कशामुळे झाली हे शोधले, तेवढीच जागा वेगळी काढून लय उतरवली आणि ती जागा स्थिर झाल्यावरच पुढे गेले. आपल्याकडे ग्रेड परीक्षेची तयारी करणारी बहुतेक मुले याच्या नेमके उलट करतात: अडखळले की पुन्हा पहिल्या बारापासून सुरुवात करतात. त्यामुळे सोपा आरंभ पन्नासदा वाजतो, तर अवघड जागा प्रत्येक वेळी त्याच वेगात आणि त्याच चुकीसह येते. हालचालींची स्मृती घडवताना मेंदू जे वारंवार घडते ते पक्के करतो. त्यात शुद्ध आणि अशुद्ध असा भेद तो आपण होऊन करत नाही.

चुकीचे कारण पुष्कळदा बोटांच्या क्रमात किंवा हाताच्या ताणात सापडते. बोटांना वाकवणारे आणि उचलणारे मुख्य स्नायू कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात, आणि त्यांचे बळ लांब कंडरांमधून, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोरीसारख्या तंतूंमधून, बोटांपर्यंत पोहोचते. हाताच्या पाठीवर अनामिकेची कंडरा शेजारच्या कंडरांशी आडव्या पट्ट्यांनी जोडलेली असल्यामुळे ते बोट एकट्याने उंच उचलता येत नाही. ही शरीररचना आहे, आळस नव्हे; म्हणून अनामिकेला बळजबरीने ‘स्वतंत्र’ करण्याचे व्यायाम मला घातक वाटतात. मनगटाची किंचित बाजूची हालचाल आणि हाताचे वजन यांची मदत त्या बोटाला मिळू द्यावी, हेच शहाणपणाचे.

पियानोच्या यंत्रणेचेही हेच सांगणे आहे. पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते. तळाशी पोहोचण्याच्या किंचित आधी हातोडी यंत्रणेतून सुटते आणि स्वतःच्या वेगाने तारेवर आदळते. नाद किती मोठा येणार हे मुख्यतः त्या वेगावर ठरते, त्यामुळे त्यानंतर पट्टी कितीही दाबून धरली तरी स्वरात भर पडत नाही, केवळ हात शिणतो. म्हणून स्वर वाजताक्षणी हात सैल पडतो की नाही, हे संथ लयीत पाहणे महत्त्वाचे आहे. वेदना होत असतील, तर सराव तेथेच थांबवला पाहिजे. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटे १९६० च्या दशकात फोकल डिस्टोनियामुळे (स्नायूंवरचा ताबा सुटण्याच्या मज्जासंस्थेच्या विकारामुळे) आपोआप आत वळू लागली, आणि उपचारांनंतर दोन्ही हातांनी जाहीर वादन करण्यासाठी त्यांना १९९० चे दशक उजाडावे लागले. या विकाराची कारणे गुंतागुंतीची आहेत, परंतु अतिसराव हे त्याच्या धोक्यांपैकी एक मानले जाते.

हात विसावल्यावरही शिकणे चालूच राहते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबायला शिकलेल्या लोकांचा वेग रात्रीच्या झोपेनंतर सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला आढळला. हा लाभ नेमका किती, याबद्दल पुढे संशोधकांत मतभेद झाले. तरी परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वाजवण्यापेक्षा तोच वेळ आठवड्यावर वाटून देणे निश्चितच हिताचे आहे. शिक्षकांनाही यातून एक सोपी कसोटी मिळते. आज विसाव्या वेळी तुकडा कसा वाजला हे न पाहता, उद्या हात गरम होण्याआधी पहिल्याच प्रयत्नात तो कसा वाजतो हे ऐकावे, आणि जेथे हात अडेल तेथूनच त्या दिवसाचा सराव सुरू करावा.