लांब बॉनेट, आखूड नजर : ठेंगण्या क्लासिक गाड्यांमधल्या अपुऱ्या दृश्यतेची पार्श्वभूमी

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जॅग्वारने ई-टाइप ही गाडी लोकांपुढे आणली. तिचे देखणेपण आजही वाखाणले जाते, पण तिच्या चालकाला समोरचे काय आणि किती दिसते, हा प्रश्न प्रत्यक्ष आत बसल्यावरच पडतो. गाडीची उंची सुमारे १.२२ मीटर, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या छातीपर्यंत. लांबी जवळपास ४.४५ मीटर, आणि त्यातला फार मोठा वाटा बॉनेटचा. चालक पाय लांब पसरून, मागच्या चाकांना जवळजवळ टेकूनच बसतो. समजा, त्याचे डोळे जमिनीपासून १०५ सेंटिमीटरवर आहेत आणि बॉनेटचा उंचवटा डोळ्यांपासून सव्वा मीटर पुढे, ९० सेंटिमीटर उंचीवर आहे. साधे त्रैराशिक मांडले, तर त्याची नजर रस्त्याला प्रथम टेकते ती पावणेनऊ मीटरवर. गाडीचे नाक अडीच मीटरवर संपते असे धरले, तरी नाकापुढचा सहा मीटर रस्ता त्याच्यासाठी नसल्यात जमा असतो, आणि तेवढ्या जागेत खाली बसलेले एखादे लहान मूल किंवा आडवी पडलेली दुचाकी सहज मावते.

हा दोष निष्काळजीपणातून आलेला नाही. त्याचे मूळ इंजिनात आहे. अधिक ताकद आणि सुरळीत चाल हवी, तर सिलिंडर एकामागे एक ओळीने मांडायचे, ही रीत दोन महायुद्धांच्या मधल्या काळात उंची गाड्यांमध्ये चांगलीच रुळली होती. अमेरिकेतल्या ड्युसेनबर्गच्या मॉडेल जे मध्ये आठ सिलिंडर एका रांगेत होते. बुगाटीच्या रोयालमध्येही आठच, पण इंजिन तब्बल १२.७ लिटरचे. एवढी रांग झाकायची, तर बॉनेट लांबणारच. मात्र त्या गाड्यांमध्ये माणूस टांग्यात बसावा तसा उंचावर बसत असे. बॉनेटच्या टोकावरची धातूची मूर्ती आणि दोन्ही मडगार्डांलगतचे दिवे त्याला समोर दिसत, आणि गाडीची रुंदी कुठे संपते याचा अंदाज त्या खुणांवरून येई. खरी पंचाईत झाली ती पुढे, वाऱ्याचा विरोध कमी करण्यासाठी छत आणि आसन खाली आणले गेले, पण इंजिनाची लांबी तेवढीच राहिली, तेव्हा. मडगार्ड अंगात मुरले, दिवे नाकात गेले आणि नजरेला धरायला काही उरले नाही.

जॅग्वारचे एक्सके इंजिन १९४८ चे. सहा सिलिंडर आणि डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारे फिरते दांडे, त्यामुळे ते लांब तर होतेच, शिवाय उंचही होते. शर्यतीसाठी बनवलेल्या डी-टाइपमध्ये तेलाची टाकी वेगळी काढून आणि इंजिन किंचित कलते बसवून बॉनेट खाली आणता आले. रस्त्यावरच्या ई-टाइपमध्ये ते सरळ उभे राहिले आणि त्याला जागा देण्यासाठी बॉनेटच्या मधोमध तो प्रसिद्ध फुगवटा आला. छायाचित्रात तो शोभतो. आत बसलेल्याला तो टेकडीसारखा आडवा येतो.

ई-टाइपला आकार देणारे माल्कम सेयर हे युद्धकाळात ब्रिस्टल एरोप्लेन कंपनीत काम केलेले होते, आणि ही अडचण विमानवाल्यांना आधीपासून चांगली परिचयाची होती. स्पिटफायरसारख्या शेपटीच्या चाकावर टेकणाऱ्या लढाऊ विमानाचे लांब नाक जमिनीवर असताना वर उचललेले असे आणि वैमानिकाला समोरची धावपट्टी दिसत नसे. म्हणून तो विमान नागमोडी नेत, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून डोकावत पुढे जाई. त्याहून लांब नाकाचे अमेरिकी कोर्सेअर विमान विमानवाहू नौकेवर उतरवताना ब्रिटिश वैमानिक वळण घेत येत, म्हणजे अगदी शेवटपर्यंत नौका नाकाच्या बाजूने दिसत राही. मोटारवाल्याला ही मुभा नाही. त्याची मार्गिका ठरलेली असते, त्यामुळे नागमोडी न्यायची ती गाडी नव्हे, स्वतःची मान.

उपाय आले ते एकेक ठिगळ लावावे तसे. मागचे पाहण्याच्या आरशाचा गाजलेला प्रारंभिक दाखला १९११ चा आहे: इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची शर्यत जिंकणाऱ्या रे हारून यांच्या मार्मन गाडीवर तो बसवलेला होता. ई-टाइपची पुढची काच रुंद पण बुटकी, म्हणून दोन लांब वायपरांऐवजी तिला तीन आखूड वायपर दिले गेले. पावसात ते तिघे एका तालात हलताना पाहणे मोठे मौजेचे असते. पुढे अमेरिकेने काचेचा किती भाग पुसला गेलाच पाहिजे याचे नियम केले, तेव्हा तिथे जाणाऱ्या एमजीबी या दुसऱ्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीलाही तिसरा वायपर लावावा लागला. ई-टाइपचे दिवे सुरुवातीला तिरप्या काचेच्या झाकणाआड खोल बसवलेले होते. रूप सुंदर, पण प्रकाश त्या तिरप्या काचेतून जाताना दुबळा होई. १९६८ पासून लागू होणाऱ्या अमेरिकी नियमांमुळे ही झाकणे १९६७ मध्येच निघाली. चाहते आजही हळहळतात, पण रात्री ती चालवणाऱ्याने हळहळण्याचे कारण नाही. १९६६ मध्ये आलेल्या चार आसनी प्रकाराची काच अधिक उंच होती; ती सोयीची खरी, पण गाडीचा डौल त्यात थोडा हरवला हेही मान्य करावे लागते.

बॉनेटवर मात्र कुणालाच इलाज सापडला नाही, आणि तो भार चालकाच्या सवयीवर पडला. आडव्या रस्त्याला मिळताना वाहतूक दिसण्याआधीच नाक दोन-अडीच मीटर पुढे गेलेले असते. म्हणून जाणकार काच खाली करून आवाज ऐकतात आणि सोबत्याला डोकवायला सांगतात. आपल्याकडच्या घाटात चढण संपते त्या जागी अशा गाडीतून क्षणभर नुसते आभाळच दिसते, तेव्हा रस्त्याच्या कडेचे चुना लावलेले दगड धरून चालणे भाग पडते. गाडी लावताना तर बाहेर उभे राहून ‘येऊ द्या, येऊ द्या, बस्स’ म्हणणारा माणूस हवाच, कारण ई-टाइपचे बॉनेट मडगार्डांसकट एकसंध असून पुढच्या बाजूला बिजागरीवर उघडते, आणि खांबाला झालेला हलका स्पर्शही त्या साऱ्या भागाच्या दुरुस्तीवर जातो. एकट्याने गॅरेजमध्ये गाडी घेणारे जुने शौकीन छताला दोरीने टेनिसचा चेंडू टांगून ठेवतात. तो पुढच्या काचेला टेकला की ब्रेक दाबायचा. नाक आणि भिंत यांच्यात किती अंतर ठेवायचे, ते दोरी बांधतानाच मोजून घेतलेले असते.