शेंगदाण्यातील तेल व प्रथिने एन्झाइमने वेगळी करणे

दळलेले शेंगदाणे पाण्यात कालवून, एन्झाइम घालून, हेक्सेनसारखा द्रावक न वापरता तेल आणि प्रथिने एकाच घाण्यात वेगळी काढण्याची पद्धत. दाण्यात साधारण ४५ ते ५० टक्के तेल व २५ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. एक्स्पेलरमधील (दाबून तेल काढणाऱ्या यंत्रातील) उष्णतेने प्रथिनांची विद्राव्यता घटते आणि पेंड बहुतेक वेळा गुरांपुढे जाते. माणसाच्या पोटात जाण्याजोगे प्रथिन वाचवणे, हे या पद्धतीचे खरे मोल.

पेशीत तेल सूक्ष्म थेंबांच्या रूपात असते. प्रत्येक थेंबाभोवती फॉस्फोलिपिड आणि ओलिओसिन या प्रथिनाचे आवरण असते. सेल्युलेज व पेक्टिनेज ही एन्झाइमे पेशीभित्ती सैल करतात. प्रोटीएज हे प्रथिने तोडणारे एन्झाइम ते आवरण तोडून तेल मोकळे करते. पण प्रोटीएज ॲराकिन व कोनॅराकिन या साठवणीच्या प्रथिनांचेही तुकडे करते. म्हणून तेल जास्त हवे की प्रथिन अखंड हवे, हे आधी ठरवूनच एन्झाइम निवडावे. अखंड प्रथिन हवे असेल तर प्रोटीएज टाळावे, पीएच ९ च्या आसपास प्रथिन विरघळवून घ्यावे आणि पीएच ४.५ वर साक्यासारखे खाली बसवावे.

तेलावर भर असलेली एक नेहमीची कृती अशी : दाणे हलके तापवून लाल साल काढतात. ती राहिली तर टॅनिनमुळे प्रथिन काळपट होते. दाणे खरपूस मात्र भाजू नयेत; मग प्रथिन नीट विरघळत नाही. १ किलो दळलेल्या दाण्याला ५ लिटर पाणी घेऊन पीएच ८.५ व तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअस ठेवतात. दाण्याच्या वजनाच्या १ ते २ टक्के अल्कलेज (एक प्रोटीएज) घालून ३ ते ४ तास सावकाश ढवळतात. प्रथिने तुटू लागली की पीएच उतरतो, त्यामुळे सौम्य कॉस्टिक सोडा थेंबथेंब घालत राहावे लागते. शेवटी ९० ते ९५ अंशांवर १० मिनिटे तापवून एन्झाइम निष्क्रिय करतात. सेंट्रिफ्यूजच्या नळीत मग चार थर दिसतात : वर स्वच्छ तेल, त्याखाली सायीसारखे पांढरे इमल्शन (तेल व पाण्याचे एकजीव मिश्रण), मग प्रथिनयुक्त पाणी आणि तळाशी चोथा.

खरी डोकेदुखी त्या पांढऱ्या थराची. बरेच तेल तिथेच अडकते. दळण जाड राहिले तर पेशी फुटत नाहीत. फार बारीक केले किंवा जोरात घुसळले तर थेंब इतके लहान होतात की ते एकत्र येत नाहीत. इमल्शन गोठवून पुन्हा वितळवणे, पीएच ४.५ पर्यंत उतरवणे किंवा पुन्हा एन्झाइम देणे हे त्यावरचे उपाय. आयआयटी दिल्लीतील संशोधकांनी २००२ मध्ये वेगळी वाट दाखवली : २.५ टक्के प्रोटीएज मिश्रण, पीएच ४, ४० अंश आणि १८ तास. त्यात ८६ ते ९२ टक्के तेल हाती आले.

प्रोटीएज जास्त वेळ चालले की पेप्टाइड कडवट लागतात. सोड्यामुळे क्षारही वाढतात. प्रथिनाची पावडर करायला ते सगळे पाणी आटवावे लागते आणि इंधनाचा खर्च तिथेच चढतो. बुरशी लागलेले, काळवंडलेले दाणे सुरुवातीलाच निवडून टाकावेत, कारण एन्झाइम अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष नष्ट करत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे प्रथिन तुकडे झालेले असले तरी सुरक्षित समजू नये.