बीपी नाही, तरी बीपीची गोळी का? हार्ट फेल्युअरच्या औषधांमागची गोष्ट

कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलच्या आसपासच्या कुठल्याही मेडिकलमध्ये थोडा वेळ उभं राहा, हा प्रश्न कानावर पडतोच: "ओ दादा, मला बीपी न्हाई, मग ही बीपीची गोळी कशाला दिलीया?" पायाला सूज, बोटानं दाबलं की खड्डा तसाच राहतो, जिना चढला की धाप, इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग 30 टक्के, म्हणजे बरंच कमी, हेच हार्ट फेल्युअर, आणि चिठ्ठीवर एनालाप्रिल, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन. कितीतरी लोक या गोळ्या मनानंच बंद करतात, म्हणून हे लिहितोय.

पूर्वी हिशेब साधा होता, हृदय दमलंय, पाणी साठलंय, मग लघवीची गोळी आणि हृदयाला जोर देणारं डिजॉक्सिन द्या. पण हार्मोनची बाजू त्याच्या कितीतरी आधी उघडलेली. 1898 मध्ये स्टॉकहोमला टीगरस्टेट आणि बेर्गमान यांनी सशाच्या किडनीचा अर्क टोचून बीपी वाढतं हे दाखवलं, त्या पदार्थाला रेनिन नाव दिलं, पुढं रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन सापडलं, 1953 ला मीठ-पाणी धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन.

घोटाळा असा होतो बघा. हृदय रक्त कमी ढकलतं, आणि किडनीचा समज होतो की अंगातलं रक्तच कमी झालंय, मग ती रेनिन सोडते, रक्तवाहिन्या आवळतात, मीठ-पाणी धरून ठेवलं जातं, ताणाचं हार्मोन नॉरअ‍ॅड्रेनलिन ठोके वाढवतं. जखमेतून रक्त वाहिलं असतं तर यानंच जीव वाचला असता! इथं रक्त गेलेलंच नाही, त्यामुळं दमलेल्या हृदयावर नुसता भार वाढत जातो, महिनोन्‌महिने, आणि स्नायू आणखी खराब होतो.

1984 मध्ये अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. जे कोन यांनी दाखवलं की रक्तात नॉरअ‍ॅड्रेनलिन जितकं जास्त तितका पेशंटला धोका जास्त. मग अँजिओटेन्सिन तयार होऊ न देणाऱ्या एनालाप्रिलवरचा 1987 चा 'कन्सेन्सस' नावाचा अभ्यास, एकदम गंभीर 253 पेशंट, नेहमीच्या औषधांसोबत डमी गोळी घेणारे सहा महिन्यांत 44 टक्के गेले, एनालाप्रिल घेणारे 26. माझ्या मते सगळं वळण इथंच आलं. ठोके संथ करणारा बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉल त्यातलाच) तर हार्ट फेल्युअरमध्ये द्यायचाच नाही असं शिकवायचे, स्वीडनमध्ये वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी 1975 ला देऊन बघितलं तरी जगाला पटायला वीसेक वर्षं गेली. 1999 च्या अभ्यासात अल्डोस्टेरॉनला अडवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोननं मृत्यू 30 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे या गोळ्या इथं बीपीसाठी नाहीत, या हार्मोनचा हृदयावरचा भार कमी करायला आहेत.

आणि सारखी रक्त तपासणी का, तर एनालाप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही अंगात पोटॅशियम वाढवतात, ते फार वाढलं तर ठोके बिघडतात, म्हणून डॉक्टर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी तपासणी) बघून डोस ठरवतात.